अळणी दिवस

आमच्या नातीच्या तोंडात पहिला तळलेला बटाटा गेला तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरच्या एका फूड मॉलमध्ये, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण आमच्या चिरंजीवांनी ती नंतर बिलावरून काढली. नात तेव्हा साडेदहा महिन्यांची होती. नाव तिचं मोठं आणि संस्कृत आहे, पासपोर्टवर शोभेल असं. घरात ती ठकू.

ठाण्याहून आम्ही पुण्याला एका मुंजीला निघालो होतो. चिरंजीव कॉफीच्या रांगेत उभे, ही हात धुवायला गेलेली आणि टेबलाशी मी, सूनबाई आणि सूनबाईच्या मांडीवर ठकू. समोर ट्रेमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे केलेले सोनेरी फ्राइज. शेजारी स्टीलच्या डबीत नाचणीचं सत्त्व, रंगाने कालवलेल्या सिमेंटसारखं. ठकूने आधी डबीकडे पाहिलं, मग खोक्याकडे पाहिलं आणि हात लांब केला. सूनबाईने एक काडी उचलली, अर्धी मोडली, कागदी रुमालाने तिच्यावरचं मीठ पुसलं, फुंकर मारली, स्वतःच्या ओठाला लावून गरम नाही ना ते बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. साक्षीदाराने अशा वेळी छताकडेच बघायचं असतं.

पण पुढचं मी पाहिलं. ठकूने ती अर्धी काडी मुठीत धरली, वर आलेलं टोक तोंडात घातलं आणि चार दातांनी चेपलं. आधी भुवया वर गेल्या. मग कपाळाला बारीक आठी पडली, बँकेतल्या जुन्या कारकुनाला ताळेबंद जुळल्यावर पडायची तशी. मग ती अगदी स्तब्ध झाली. हात थांबले, पाय थांबले, श्वाससुद्धा थांबला असावा. आणि मग एकदम दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे चालू झाले. घास गिळून तिने नाचणीच्या डबीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. इतके दिवस आपल्यापासून काय काय लपवलं गेलं, याचा हिशोब होता.

नेमके तेव्हाच चिरंजीव तीन कॉफ्या घेऊन आले.

"काय आहे तिच्या तोंडात?"

"बटाटा," सूनबाई म्हणाली. शब्द न् शब्द खरा होता.

"कसला बटाटा?"

"तळलेला."

"मीठ?"

"पुसलंय."

हा 'पुसलंय' शब्द पुढे आठवडाभर आमच्या घरात गाजला.

चिरंजीवांची बाजूही सांगायला हवी. ठकू सहा महिन्यांची झाली त्या दिवसापासून त्यांनी लॅपटॉपवर एक तक्ता ठेवला आहे. एक नवा पदार्थ सुरू केला की तीन दिवस दुसरा नवा पदार्थ द्यायचा नाही. पुरळ, जुलाब, उलटी यांची नोंद करायची. बीट, दुधी, रताळं, मूगडाळ, सगळ्यांची जन्मतारीख लिहिल्यासारखी त्यात तारीख आहे. उष्टावण सातव्या महिन्यात झालं, मुलीचं विषम महिन्यात करतात म्हणून. मामाने चांदीच्या वाटीत अंगठी बुडवून खीर चाटवली, ती खीरसुद्धा वाटाघाटी होऊन बिनसाखरेची, खजुराची होती. मामा बिचारा आधी स्वतः चाखून म्हणाला, "हे काय आहे?" पण तक्त्यात नोंद झाली: खजूर, पुरळ नाही.

मुद्दा चिरंजीवांचा बरोबर आहे, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं, मनातल्या मनात. वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसाला एक ग्रॅमहूनही कमी मीठ पुरतं आणि तेवढं आईच्या दुधातून, भाजीपाल्यातून आपोआप मिळतं. मूत्रपिंडं कोवळी असतात, वरचं मीठ बाहेर टाकायला त्यांना जड जातं. शिवाय जिभेला जे वळण लागायचं ते याच दिवसांत लागतं. हे सगळं बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि चिरंजीवही सांगतात, बालरोगतज्ज्ञांपेक्षा दुप्पट वेळा. त्यामुळे गेले चार महिने ठकूचं वरण अळणी, गुरगुट्या भात अळणी, दुधीचं सूप अळणी. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, पण त्यासाठी आधी मीठ खायला हवं. ठकूवर सध्या कुणाचेच उपकार नाहीत.

तर गाडी घाटाला लागली. नवरा-बायकोच्या भांडणाचा एक नियम आहे. मागच्या सीटवर सासू-सासरे असले की भांडण कुजबुजत होतं आणि जास्त ऐकू येतं.

"एवढासा तुकडा होता रे."

"प्रश्न तुकड्याचा नाही. ठरलं होतं आपलं."

"तूच ते पुस्तक आणलंस ना? बाळाला हातात धरून खाता येईल असं द्या, बोटाएवढं लांब कापा, मुठीच्या वर टोक यायला हवं. आलं होतं टोक."

यावर चिरंजीव काही बोलणार तेवढ्यात आडोशीचा बोगदा आला. बोगद्यात का कोण जाणे भांडण थांबतं. बाहेर आल्यावर सूनबाईने अगदी शांतपणे विचारलं, "तक्त्यात लिहायचं का? पुरळ नाही, म्हणून?"

चिरंजीवांनी गिअर बदलला. गरज नव्हती.

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मागे कुठेतरी खाली कर्जत राहिलं होतं, आणि कर्जत म्हटलं की माझ्या पोटात चौतीस वर्षं एक गोष्ट आहे.

साल १९९०. आम्ही दोघं रेल्वेने पुण्याला चाललो होतो, हिच्या माहेरी. मांडीवर हेच चिरंजीव, वय अकरा महिने. आता तरुण मंडळींना सांगावं लागतं, पण कर्जतला पुण्याकडे जाणारी गाडी थांबते ती नुसत्या प्रवाशांसाठी नव्हे. पुढे बोरघाटाचा चढ आहे. तो चढवायला गाडीच्या मागे ढकलणारी जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. ती जोडेपर्यंत गाडी उभी. आणि गाडी उभी, माणसं रिकामी, समोर घाट, म्हणून कर्जतचा बटाटेवडा. इंजिनाच्या सोयीसाठी केलेल्या थांब्याने एका पदार्थाला नाव मिळवून दिलं. त्या फलाटावर वड्याचा वास खिडकीच्या गजांतून आत यायचा आणि विक्रेत्याचा आवाज त्याच्या मागून.

ही नेरळपासून झोपली होती. घरी तिचा नियम कडक होता, तिच्या आईकडून आलेला: वाढदिवस होईपर्यंत तळलेलं नाही, बाहेरचं तर नाहीच. मी कागदात दोन वडे घेतले. पहिला खाल्ला. दुसरा फोडला तर मांडीवरून एक हात आला. मी आतली पिवळी भाजी घेतली, मिरचीचे तुकडे आणि मोहरी वेचून काढली, चवळीच्या दाण्याएवढी गोळी केली, फुंकर मारली. आणि चिरंजीवांनी भुवया वर केल्या, कपाळाला आठी घातली, स्तब्ध झाले आणि मग दोन्ही पायांनी माझ्या मांडीवर धडधड सुरू केली. तेवढ्यात मागून बँकरचा धक्का बसला आणि गाडी हलली. मी घाईघाईने त्याचं तोंड रुमालाने पुसलं. ही मंकी हिलला जागी झाली आणि म्हणाली, "काही खाल्लं का याने?" मी म्हणालो, "बिस्कीट."

तेव्हा त्या दिवशी खालापूरला छताकडे बघण्यामागे माझी अशी अडचण होती.

आमच्या आधीच्या पिढीचं तर विचारूच नका. मी लहान असताना आमच्या आईने मला बाळगुटी दिली: सहाणेवर हळकुंड, सुंठ, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, एकेकाचे मोजून वेढे, आणि शेवटी मधाचं बोट. वेढ्यांचा हिशोब तिच्या बोटांत होता. जायफळाचा एक वेढा जास्त झाला तर पोर दिवसभर झोपतं, म्हणायची. मधाचं ते बोट आता गुन्हा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, कारण त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. यावर आमच्या वयाची माणसं लगेच म्हणतात, "आम्हाला दिला की, आम्हाला काय झालं?" मीही म्हणायचो. पण ज्यांना झालं ते असं म्हणायला उरले नाहीत, हे लक्षात आल्यापासून मी गप्प बसतो.

मुंज पार पडली. प्रकरण खऱ्या अर्थाने बोर्डावर आलं ते ठाण्याला परतल्यावर, पुढच्या रविवारी. चिरंजीव तयारीनिशी बसले होते, सूनबाईही.

सूनबाईने सुरुवात केली ती डॉक्टर क्लारा डेव्हिस या अमेरिकन बाईंपासून. या बाईंनी १९२६ पासून पुढची काही वर्षं नुकतंच आईचं दूध सुटलेल्या पंधरा बाळांवर एक प्रयोग केला. समोर ताटल्या मांडायच्या, एकूण पदार्थ चौतीस, आणि परिचारिकेने हातात चमचा घेऊन गप्प बसायचं. सुचवायचं नाही, आग्रह नाही, कौतुक नाही, डोळे मोठे करणं नाही. बाळाने ज्या ताटलीकडे हात केला त्यातलं द्यायचं, नाही केला तर नाही. (आमच्या हिला या नोकरीवर एक तासही ठेवलं नसतं.) पोरांनी वाटेल ते खाल्लं. एकाने सकाळी अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि काळीज, दुसऱ्याने रात्री अंडी, केळी आणि दूध. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्यासमोर कॉड माशाच्या तेलाचा पेला ठेवला होता, बरा होईपर्यंत तो ते आपणहून पीत राहिला आणि बरा झाल्यावर त्याने ते सोडून दिलं. सगळी पोरं ठणठणीत निघाली.

"म्हणजे बाळाला कळतं," सूनबाई म्हणाली. "हात तिने केला होता."

चिरंजीव नुसते हसले. त्यांनीही तेच वाचलं होतं, फक्त पुढचं पान. "त्या चौतीस पदार्थांची यादी वाचलीस? साखर नाही, मैदा नाही, तळलेलं नाही. १९३९ साली बाईंनी स्वतःच लिहिलंय, खरी गंमत यादीत होती म्हणून. निवड बाळाची, पण ताटल्या कुणी मांडल्या? तिथं फ्राइज ठेवले असते तर?"

मला हा युक्तिवाद फार आवडला. दोघांनी एकच प्रयोग अर्धा अर्धा वाटून घेतला होता आणि दोघांचंही पोट भरलं होतं.

इथे हिने तोंड घातलं. हिचा आक्षेप मिठाला नव्हताच. "ते इंग्रजी बटाटे कशाला द्यायचे मी म्हणते. घरात आपलं चांगलं आहे की, साबुदाण्याची पेज, बटाट्याची भाजी..."

"आई, बटाटा तरी आपला कुठे आहे?" सूनबाई म्हणाली. आणि ते खरंच आहे. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, आणला पोर्तुगीजांनी, नावासकट. मिरचीही त्याच वाटेने आली. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून करतात तोही तिकडचाच. आपल्या एकादशीचं ताट बघितलं तर निम्मं सामान जहाजातून उतरलेलं आहे. ही जरा दुखावली. मग म्हणाली, "जहाजातून आलं तरी आपण शिजवायला तर शिकलो ना."

मग सूनबाई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि डब्यामागे ठेवलेला ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेऊन आली. पुडा उघडा होता. वरचं टोक नीट दुमडून त्याला कपड्याचा चिमटा लावला होता. घरात चिमटे लावणारा माणूस एकच आहे.

"सकाळी अकराच्या मीटिंगला ठकू तुझ्या मांडीवर असते. कॅमेरा बंद, माइक बंद. दुधात बुडवून काय देतोस तिला?"

चिरंजीवांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मागे काय छापलंय वाच. शंभर ग्रॅममध्ये साखर किती?"

चिरंजीवांनी पुडा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला. "पंचवीस," असं काहीतरी म्हणाले.

मी चष्मा लावून पुडा हातात घेतला. आमच्या तरुणपणी बाळाच्या दुधाच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र असायचं, आणि गल्लोगल्ली सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या. १९९२ साली कायदा आला आणि त्या डब्यांवरून बाळ आणि आई दोघंही उतरली; पुढे २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या मुलांच्या अन्नाची जाहिरातही बंद झाली. चांगलं झालं. बिस्कीट मात्र त्या कायद्यात बसत नाही, कारण ते बाळाचं अन्न आहे असं कुणीच म्हणत नाही. नुसतं देतात. आपल्याकडे खरं फास्ट फूड तेच. तळलेल्या बटाट्यासाठी खालापूरपर्यंत जावं लागतं. बिस्कीट डब्यामागे असतं.

निकाल काही लागला नाही. घरातल्या खटल्यांचे निकाल लागत नाहीत, चहा होतो.

रात्री पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये चिरंजीव आणि सूनबाई अंधारात बसलेले. ठकू तिच्या खांद्यावर झोपलेली. चिरंजीव हळूच विचारत होते, "कसा केला होता गं तिने चेहरा?"

"कधी?"

"फ्राइज खाल्ल्यावर. पहिला घास."

"अरे, भुवया अशा वर..." सूनबाई सांगायला लागली आणि थांबली. "नाही जमत. बघायला हवा होतास."

"व्हिडिओ काढलास?"

"हातात ती होती."

तेव्हा मला उमजलं की आठवडाभराची चिडचिड सगळीच मिठाची नव्हती. बीट, दुधी, रताळं, प्रत्येक पहिल्या घासाला हा माणूस समोर गुडघ्यांवर बसलेला होता, हातात चमचा घेऊन. आणि या एका घासाला तो कॉफीच्या रांगेत उभा होता, पुढे नऊ माणसं.

मी दिवा न लावता समोर जाऊन उभा राहिलो आणि करून दाखवला. भुवया वर, आठी, स्तब्धता, मग पाय. उभ्याने पाय चालवणं या वयात बरं दिसत नाही, पण केलं. चिरंजीव इतके हसले की ठकू चाळवली. मग म्हणाले, "बाबा, तुम्हाला इतकं बारीक कसं आठवतं?"

मी म्हणालो, "दोनदा पाहिलंय."

आणि मग सांगूनच टाकलं. कर्जत, कागदातले दोन वडे, चवळीएवढी गोळी, बँकरचा धक्का. दोघांनी ऐकून घेतलं. चिरंजीव थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. अकराव्या महिन्यातल्या आपल्या आहाराविषयी माणसाला इतक्या उशिरा कळलं की सावरायला वेळ लागतो. "मिरची काढली होती ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आईला सांगू नका," मी म्हणालो.

"आईला काय सांगायचं राहिलंय?" दारातून आवाज आला. ही उभी होती. आत गेली, कपाटातलं बोचकं घेऊन आली आणि त्यातून एक झबलं काढलं. हिच्या आजीच्या नऊवारीचं शिवलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. बंदांच्या खाली, छातीवर, रुपयाएवढा पिवळा डाग.

"हळद आहे," ही म्हणाली. "बिस्किटात हळद घालतात का हो?"

चौतीस वर्षांत ती यावर एक शब्द बोलली नव्हती. मी तसं म्हणालो, तर म्हणाली, "बोलायचं काय? मी त्याला त्याच्या आधीच्या महिन्यात पुरणाचं बोट दिलं होतं."

चिरंजीव उठले आणि त्यांनी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर एक कागद लागला. चिरंजीवांच्या हाताने: 'एक वर्षापर्यंत मीठ नाही, मध नाही. दोन वर्षांपर्यंत साखर नाही.' त्याखाली सूनबाईच्या अक्षरात: 'बिस्कीट नाही. मीटिंग असली तरी नाही.' आणि सगळ्यांत खाली, पेन्सिलीने, हिच्या अक्षरात: 'आजोबांबरोबर रेल्वेने पाठवू नये.'

मी तो कागद रोज येता-जाता वाचतो. तळलेल्याविषयी त्यात एक अक्षर नाही, आणि हे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. ठकूला वर्ष पूर्ण होतं ते येत्या २४ तारखेला. आमच्या घरी वड्याच्या भाजीत साखर घालत नाहीत.